बंद दिवसांचा पगार कोण देतं?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ बेंबळीत ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज चाकणपासून रांजणगावपर्यंतच्या कारखान्यांत पसरले आहेत. संयोजकांनी मला विषय असा दिलाच नाही. ‘आमची पोरं कंपनीत आहेत, त्यांच्या उपयोगाचं काहीतरी बोला,’ एवढंच म्हणाले. मी कामगार कायद्याची वकिली करतो, त्यामुळे माझ्याकडे माणूस येतो तो बहुधा काम गेल्यावर. आज त्याच्या अलीकडच्या टप्प्याबद्दल बोलणार आहे. नोकरी शाबूत असते, पण काम घटतं. आठवड्याला सहा दिवस चालणारी लाइन चार दिवसांवर येते, तीन पाळ्यांची एक पाळी उरते. मग जे दिवस बंद राहतात, त्यांचा पगार कोण देतं?

आधी कारखानदाराच्या खुर्चीत बसून पाहू. ऑर्डर निम्म्यावर आली. माणसं काढावीत, तर सीएनसीचं सेटिंग हातात बसलेला गडी शेजारची कंपनी उचलते आणि मंदी सरल्यावर नवा माणूस तयार करायला महिने जातात. तोवर रिजेक्शन वाढतं, ग्राहक बोंबलतो. सगळ्यांना बसवून पूर्ण पगार द्यावा, तर खेळतं भांडवल आटतं. म्हणून तो मधली वाट धरतो, माणसं ठेवतो आणि तास कापतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हे कापणं एका ठरलेल्या क्रमानं होतं. पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो. मग रात्रपाळी जाते. मग ठेकेदाराला निरोप जातो, ‘उद्यापासून तीस पोरं कमी पाठव.’ हे सगळं झाल्यावर नोटीस बोर्डावर कागद लागतो, त्याला तिथले कामगार ‘ब्लॉक क्लोजर’ म्हणतात. सलग तीन-चार दिवस कारखाना बंद. त्या दिवसांचा हिशेब युनियनच्या कराराप्रमाणे होतो. कुठे निम्मा पगार मिळतो, कुठे हक्काच्या रजेतून दिवस वळते होतात, कुठे पुढच्या साप्ताहिक सुट्यांना कामावर येऊन ते भरून द्यायचे असतात.

२००८च्या अखेरीला जागतिक मंदीचा फटका बसला तेव्हा पिंपरीच्या टाटा मोटर्सपासून अनेकांनी हे केलं. २०१९मध्ये पुन्हा तीच पाळी आली. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या ऑगस्टच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली. महिंद्रानं शेअर बाजाराला कळवलं की, त्या तिमाहीत आपल्या वेगवेगळ्या कारखान्यांत ८ ते १४ दिवस उत्पादन होणार नाही. मारुतीनं गुरुग्राम आणि मानेसरचे कारखाने ७ आणि ९ सप्टेंबरला बंद ठेवले. मोठ्या कंपनीचं निदान बातमीत तरी येतं. तिची लाइन थांबली की तिला सुटे भाग पुरवणारं, भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधलं प्रेसही त्याच दिवशी थांबतं, त्याची बातमी होत नाही. आणि आपल्याकडची बरीच पोरं त्या शेडमध्ये आहेत.

आता कायद्याकडे येतो. हल्ली टीव्हीवर ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरीवरून काढणं असं ऐकू येतं. कायद्यातला ले-ऑफ वेगळा आहे. त्यात नोकरी राहते, फक्त मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही. १९५३ साली कापड गिरण्यांत माल पडून राहिला, कामगार घरी बसवले जाणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा केंद्र सरकारनं वटहुकूम काढला आणि २४ ऑक्टोबर १९५३पासून औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या भरपाईचं प्रकरण आलं. कोळसा, वीज किंवा कच्चा माल मिळत नाही, माल तुंबला आहे, यंत्र मोडलं आहे, नैसर्गिक आपत्ती आली आहे, अशी कारणं कायद्यानंच मोजून दिली. या कारणांनी काम देता आलं नाही तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम कामगाराला द्यायची.

त्या व्याख्येतला एक बारकावा मला फार आवडतो, तो सांगतो. कामगार ठरल्या वेळी गेटवर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ले-ऑफ दिला असं धरतात. त्याला दुसऱ्या अर्ध्या पाळीला बोलावलं, तर अर्धाच दिवस ले-ऑफ. आणि त्या दुसऱ्या अर्ध्यात तो आला, तरीही काम दिलं नाही, तर त्या अर्ध्या पाळीचा पूर्ण पगार द्यावा लागतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं गिरणीच्या गेटवर उभी राहिलेली माणसं नक्की पाहिली असणार. ‘थांब, बघतो, जेवणानंतर ये’ असं म्हणत दिवसभर ताटकळत ठेवण्याची खोड त्याला ठाऊक होती आणि तिची किंमत त्यानं मालकाच्या खात्यावर टाकली.

पण निम्मा म्हणजे किती? समजा, कायम कामगाराला हातात चाळीस हजार मिळतात आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून अठरा हजार आहेत. बाकीचे घरभाडं, प्रवास, धुलाई, शिक्षण अशा नावांचे भत्ते. महिनाभर ले-ऑफ झाला तर निम्म्याचा अर्थ नऊ हजार, म्हणजे चाळिसाच्या पाव हिश्शाहूनही कमी. भत्ते फुगवून मूळ पगार खाली ठेवण्याची रीत होती ती अशा दिवसांतही उपयोगी पडत होती. नव्या वेतन संहितेनं भत्त्यांवर पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तिचा इथे फायदा व्हावा. शिवाय बारा महिन्यांत पंचेचाळीस दिवसांपुढे भरपाई द्यायची नाही असा करार मालक-कामगार करू शकतात, आणि पंचेचाळीस दिवस उलटल्यावर मालक कामगारकपातही करू शकतो.

तरीही हा निम्मा ज्याला मिळतो तो भाग्यवान म्हणायचा, कारण पुढे चाळण्या आहेत. आस्थापनेत सरासरी पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर भरपाई नाही. वर्षाची सलग सेवा, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस, भरले नसतील तर नाही. नाव हजेरीपटावर बदली किंवा कॅज्युअल म्हणून असेल तर नाही. आता तुमच्या घरातल्या पोराला या चाळणीतून घाला. तो ठेकेदाराचा कामगार. ठेकेदाराकडे कागदावर चाळीस माणसं. सातव्या महिन्यात ब्रेक, मग नवं कार्ड. तो पहिल्या चाळणीत अडकला नाही तर दुसरीत अडकतो. ज्या पोराला मंदीत सगळ्यांत आधी घरी बसवतात, नेमका तोच या कायद्याच्या बाहेर राहतो.

जो आत राहतो त्यालाही एक अट आहे. ले-ऑफच्या काळात रोज, ठरल्या वेळी, दिवसातून एकदा तरी कामावर हजर व्हावं लागतं, नाहीतर त्या दिवसाची भरपाई बुडते. मालकानं उद्या काम काढलं तर माणूस जवळ हवा, म्हणून ही अट. मुंबईत परळच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला ती जड नव्हती. चाकणला चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या बेंबळीच्या मुलाचं काय? निम्म्या पगारात खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी धाडायचं भागत नाही. म्हणून तो एस.टी.त बसून गावाकडे येतो. आला, की हक्क सोडून आला.

जर्मनीत हेच कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण तुलना तिथंच लागते. तिकडे त्याला ‘कुर्त्सआर्बाइट’ म्हणतात, आपल्या भाषेत अल्पकाळ काम म्हणा. त्याचं मूळ १९१०च्या पोटॅश खाणींच्या कायद्यात आहे. तीच खतात वापरतो ती पोटॅश. सरकारनं खाणींच्या उत्पादनाला मर्यादा घातली, मजुरांचं काम घटलं, तेव्हा त्यांची भरपाई सरकारी पैशातून सुरू झाली. आज व्यवस्था अशी आहे की, कामगार आणि मालक दोघंही दर महिन्याला बेरोजगारी विम्याचा हप्ता भरतात. संकट आलं की कंपनी रोजगार संस्थेकडे अर्ज करते आणि किमान एक-तृतीयांश कामगारांचा दहा टक्क्यांहून जास्त पगार बुडतोय हे दाखवते. मग जेवढे तास काम झालं, त्याचा पगार कंपनी देते. जेवढे तास बुडाले, त्यांच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के विमा देतो, घरात मूल असेल तर ६७ टक्के. २००९मध्ये जर्मनीचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, पण बेरोजगारी जेमतेम हलली. त्या मे महिन्यात सुमारे चौदा लाख माणसं अल्पकाळ कामावर होती. कोरोनाच्या एप्रिल २०२०मध्ये हा आकडा साठ लाखांच्या आसपास गेला. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर पोचला होता. तिकडची रीत आधी काढायचं आणि मग बेकारभत्ता द्यायचा, अशी आहे. नोकरीचा धागा तुटला की तो पुन्हा जोडायला वेळ लागतो, जर्मनी तो तुटूच देत नाही.

मला जर्मनीचं कौतुक ऐकवायचं नाही. या योजनेचा गैरवापर कसा होतो, तेही तिथंच दिसलं. १९९१मध्ये पूर्व जर्मनीचे कारखाने धडाधड बसले तेव्हा सुमारे वीस लाख माणसं ‘अल्पकाळ’ कामावर होती आणि त्यातल्या अनेकांचे कामाचे तास शून्य होते. ती झाकलेली बेकारीच होती. मेलेल्या कारखान्याचा श्वास चालू आहे असं दाखवायला या पैशाचा वापर होऊ शकतो. आणि तिथंही कडेला उभी माणसं आहेतच. महिन्याला थोडेच तास काम करणारे ‘मिनी-जॉब’वाले हप्ता भरत नाहीत, म्हणून कोरोनात त्यांना हा भत्ता मिळाला नाही. हॉटेलात ताटं उचलणारी, दुकानात काही तास उभी राहणारी ती माणसं. चाळणी सगळीकडे असते. फरक इतकाच की आपल्याकडे बहुतेकजण तिच्यात अडकतात.

आपल्या महाराष्ट्राला तास कापण्याची ओळख चाकणमुळे झाली असं मात्र समजू नका. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेत मंदीच्या काळात सगळ्यांनी मिळून कमी वेळ गिरण्या चालवायच्या, अशी चर्चा पुन्हा पुन्हा होई आणि बहुधा फसे. कारण प्रत्येकाला वाटे की बाकीच्यांनी सूत कमी काढावं, आपण मात्र चालू ठेवावं. त्यापेक्षा सोपं होतं ते बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घ्यायची माणसं, हाताशी ठेवणं. रोज सकाळी गेटवर माणसं उभी, जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, आत घ्यायची तेवढी घ्यायची, बाकीच्यांनी परत जायचं. १९३५मध्ये मालक संघटनेनं बदलीवाल्यांना कार्ड द्यायला सुरुवात केली, पण गर्दी हटली नाही. आपल्या भागातून लोक जास्त गेले ते सोलापूरला. १८७७मध्ये उभी राहिलेली जुनी गिरणी, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू. त्या बंद झाल्या, पण सोलापुरात तास कापणं थांबलं नाही. यंत्रमागाला टॉवेल-चादरीची ऑर्डर नसली की एक पाळी बंद होते. विडीची तर गोष्टच निराळी. तिथं मजुरी हजार विड्यांमागे. मंदीत बाईला कामावरून कमी करत नाहीत. तिला पान आणि तंबाखू कमी मोजून देतात. आदल्या आठवड्यात हजार वळल्या, तर या आठवड्यात पाचशेचंच पान हातात पडतं. नोंदवहीत ती कामावर असते, चूल अर्धी पेटते. ते अर्धं काम पुस्तकात ले-ऑफ म्हणून कुठे लिहिलं जात असेल असं मला वाटत नाही.

गिरण्यांच्या काळातही गाव हाच कामगाराचा विमा होता. मुंबईच्या गिरण्यांतला १९२८चा संप सहा महिने चालला आणि १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही गिरणगावातली माणसं कोकणात आणि घाटावर परतली. गावात भात होतं, नाचणी होती, आई होती. अभ्यासक सांगतात की गावाच्या आधारानंच ते संप इतके लांबले. खरं आहे. पण त्याच आधारावर मालकही विसंबून होता. काम नसेल तेव्हा या माणसाला कोणीतरी जेवायला घालतं आहे, हे त्यालाही माहीत होतं.

इथे मला बेंबळीबद्दल बोलायचं आहे. बंद दिवसांचा पगार जर्मनीत विमा देतो. आपल्याकडे कायम कामगाराला निम्मा का होईना, कंपनी देते. ठेकेदाराच्या पोराचा पगार देतं त्याचं घर. म्हणजे तुम्ही. तो आला की ताटात एक भाकरी वाढते, खोलीच्या भाड्याचे पैसे वडिलांकडून जातात, मोटारसायकलचा हप्ता सोयाबीनच्या पट्टीतून भरला जातो. आणि तो रिकामा बसत नाही. खुरपणी, फवारणी, गुरांचं बघतो. सरकारी पाहणी करणारा माणूस आला तर त्याची नोंद ‘घरच्या शेतीत मदत’ अशी होते. बेकारांच्या यादीत तो येतच नाही. देशाच्या श्रमबल पाहणीत २०१८-१९मध्ये शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा ४२.५ टक्के होता, २०१९-२०मध्ये तो ४५.६ टक्के झाला. शेतीत त्या वर्षी एवढी नवी कामं निघाली नव्हती. शहरातले बंद दिवस गावात येऊन बसले होते.

टाळेबंदीचे दिवस तुम्ही पाहिले आहेत, ते मी सांगायला नको. त्या काळातली कायद्याची गोष्ट मात्र सांगतो. २९ मार्च २०२०ला केंद्रीय गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की, टाळेबंदीत कारखाने बंद असले तरी कामगारांना कपात न करता पगार द्यावा. मालक कोर्टात गेले. उच्च न्यायालयाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठानंही ३० एप्रिलला त्यावर निर्णय दिला. आदेशात हस्तक्षेप केला नाही. प्रवास आणि भोजन भत्ता सोडून पगार द्या, पण टाळेबंदी उठलेल्या भागात जो कामावर येणार नाही त्याच्या पगाराची कपात करता येईल, असं म्हटलं. १७ मेला केंद्रानं तो आदेशच मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालकांवर जबरदस्तीची कारवाई नको, दोघांनी बसून तोडगा काढावा. या सगळ्या वादात दोनच पक्ष होते, मालक आणि मजूर. भोसरीचा शेडवाला म्हणत होता की माझंच बिल अडकलंय, मी कुठून देऊ, आणि तो काही खोटं बोलत नव्हता. त्याच महिन्यांत ब्रिटननं घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के हिस्सा, महिना अडीच हजार पाउंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिला. ती योजना सप्टेंबर २०२१पर्यंत चालली. आपल्या सरकारनं शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि बहुतेकांचा पगार पंधरा हजारांच्या आत असलेल्या आस्थापनांचा भविष्य निर्वाह निधीचा २४ टक्के हिस्सा भरला. त्यानं खात्यात रक्कम वाढली, पण घरात किराणा आला नाही.

विम्याची एक योजना आपल्याकडेही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयमध्ये, १ जुलै २०१८पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे. कोरोनात २४ मार्च २०२०पासून ते ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस आणि तेही आयुष्यात एकदाच. अट मोठी आहे, माणूस बेकार असला पाहिजे. आठवड्यात तीन दिवस काम आहे, बाकी बंद आहे, असा माणूस तिथे बसत नाही. म्हणजे पैसे मिळायला नोकरी पूर्ण जाऊ द्यावी लागते. जर्मनीचा पैसा नोकरी टिकावी म्हणून येतो, आपला नोकरी गेल्यावर येतो. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी फट हीच आहे, आणि ती बुजवायला नवं खातं उघडायची गरज नाही. ईएसआयची वर्गणी भरताना मालकाला दर महिन्याला प्रत्येक कामगारापुढे किती दिवसांचा पगार दिला, तो आकडा भरावाच लागतो. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणीही बुडाली तर मूळ कंपनीकडून वसूल करता येते. मागच्या सहा महिन्यांत सव्वीस-सव्वीस दिवस भरणारा पोरगा या महिन्यात अकरा दिवसांवर आला, हे संगणकात दिसतं. या बुडालेल्या पंधरा दिवसांपैकी काही भाग विम्यानं, काही मूळ कंपनीनं द्यायचा. तीन-चार महिन्यांची कालमर्यादा घालायची, म्हणजे पूर्व जर्मनीचा प्रकार होणार नाही. खोटे दाखले येतील, येऊ द्या. रोजगार हमीच्या हजेरीपटावरही खोटी नावं आली होती, म्हणून तेव्हा कुणी रोजगार हमी गुंडाळली नाही.

रोजगार हमीचं नाव निघालंच आहे तर एक आठवण करून देतो. १९७२च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर राबवलेली आणि पुढे १९७७मध्ये कायदा झालेली ही योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली. गावातल्या मजुरासाठी पैसा आणायचा कुठून? त्यासाठी १९७५मध्ये राज्यानं व्यवसाय कर बसवला. चाकणच्या पगाराच्या पावतीवर ‘पी.टी.’ म्हणून महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर, वर्षाला अडीच हजार. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावातल्या दुष्काळासाठी. हिशेब स्पष्ट होता आणि महाराष्ट्रानं तो देशाच्या कितीतरी आधी मांडला. त्याचा उलटा प्रवास कुणी मांडला नाही. शहराची मंदी गावात येते तेव्हा गावानं किती दिलं, याची पावती कुठल्याच खात्यात फाटत नाही. २०२०-२१मध्ये मनरेगावर देशभर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. आदल्या वर्षी ते २६५ कोटी होते. वाढलेल्या त्या सव्वाशे कोटी दिवसांत कारखान्यांचे किती दिवस आहेत, ते मोजायला हवं होतं.

आपल्या जवळचं एक उदाहरण राहिलं. केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कारखाना आणि ढोकीचा तेरणा, दोन्ही तुमच्या रोजच्या बोलण्यातले. साखर कारखान्यात हंगामी कामगाराला गाळप संपलं की घरी जावं लागतं. पुढच्या हंगामाला परत यावं म्हणून त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो. काम नसतानाही नातं टिकवण्यासाठी पैसे द्यायचे, ही जर्मनीची कल्पना आपल्या उसाच्या पट्ट्यात केव्हाची रुजलेली आहे. पण कायद्यानं हंगामी उद्योगांना ले-ऑफच्या भरपाईतून वगळलं आहे. कारण दिलं जातं की बंदचा काळ आधीच माहीत असतो. नेहमीच्या वर्षी ते पटतं. दुष्काळात काय होतं? २०१५-१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. ऊस वाळला, मराठवाड्यातल्या कित्येक कारखान्यांचं गाळप लवकर आटोपलं, पुढच्या हंगामात काहींचा बॉयलर पेटलाच नाही. तो हंगामाचा शेवट नव्हता, संकट होतं. कागदोपत्री ते हंगामाच्या नावावर गेलं आणि भरपाईचा प्रश्नच उठला नाही. आणि कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला की रिटेन्शन सोडा, थकलेला पगारही कोर्टात मागावा लागतो. तेरणेच्या बंद धुराड्याखालून तुम्ही किती वर्षं गेलात, ते मला विचारायला नको.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. ले-ऑफसाठी सरकारची आगाऊ परवानगी घेण्याचा नियम १९७६मध्ये तीनशे कामगारांच्या कारखान्यांना होता, १९८२च्या दुरुस्तीनं तो शंभरावर आला, नव्या औद्योगिक संबंध संहितेनं पुन्हा तीनशेवर नेला. मालक म्हणतात, आता मोठा कारखाना काढायला भीती वाटणार नाही. युनियन म्हणतात, काढून टाकणं सोपं झालं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे, पण आपल्या पोरांच्या बाबतीत हा वाद पोकळ आहे. ते शंभरातही नव्हते आणि तीनशेतही नाहीत. निम्म्या पगाराची आणि पन्नासच्या चाळणीची कलमं नव्या संहितेतही जवळपास तशीच आहेत. परवानगी कुणी घ्यायची यावर पन्नास वर्षं भांडलो, पैसे कुणी द्यायचे यावर बसून बोललो नाही.

शेवटी कामाचं बोलतो, कारण ‘उपयोगाचं बोला’ असा हुकूम आहे. घरातलं पोरगं कंपनीत असेल तर त्याचा ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन घरातल्या वहीत लिहून ठेवा. ठेकेदार बदलला तरी हे दोन्ही क्रमांक बदलत नाहीत, बदलले तर काहीतरी लबाडी आहे. पगाराच्या पावतीचा दर महिन्याला फोटो काढायला सांगा, त्यावर ‘दिवस’ असा रकाना असतो. २४० दिवस भरले की नाही, हे त्यावरूनच सिद्ध होतं. ब्रेक दिला तर कोणत्या तारखेला दिला आणि पुन्हा कधी घेतलं, हे लिहून ठेवा. कामावर घेतलं नाही त्या दिवशी गेटवर हजर होतो याचा पुरावा ठेवा, सुपरवायझरला केलेला साधा मेसेजही चालतो. आणि ‘तात्पुरतं घरी जा, बोलावतो’ असं सांगून ठेकेदार राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही मागू लागला, तर सही न करता तो कागद घेऊन माझ्याकडे किंवा पुण्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात या. मी रात्रीच्या गाडीनं परत जाणार आहे. तोवर इथंच बसतो. ज्यांनी कागद आणले असतील त्यांनी पुढं यावं.